बाहेर पडण्याचा हक्क : लिन यीफू यांनी चीनच्या शेतात काय शोधलं

१९५८ साली चीनमध्ये सुमारे २० कोटी टन धान्य पिकलं. १९५९ मध्ये ते १७ कोटी टनांवर आलं आणि १९६० मध्ये साडेचौदा कोटींच्याही खाली गेलं. युद्ध नव्हतं, परचक्र नव्हतं. तरीही दोन वर्षांत एका अवाढव्य देशाचं पाव हिश्श्याहून जास्त धान्य नाहीसं झालं. १९५९ ते १९६१ या तीन वर्षांत भुकेनं किती माणसं मेली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. बरेच अभ्यासक तीन कोटींच्या आसपासचा आकडा धरतात. माणसाच्या माहितीतला हा सर्वांत मोठा दुष्काळ.

का झालं असं? अनेक वर्षं तीन उत्तरं फिरत होती. सरकारी उत्तर होतं, लागोपाठ तीन वर्षं हवामान वाईट होतं. दुसरं उत्तर, धोरणं चुकली आणि कारभार ढिसाळ होता. तिसरं उत्तर, सामुदायिक शेतीचे गट इतके अगडबंब झाले की कुणाला मनापासून राबावंसं वाटेना. तिन्हींत तथ्य आहे. पण १९९० साली लिन यीफू या अर्थतज्ज्ञानं एका निबंधात एक साधा प्रश्न विचारला आणि तिन्ही उत्तरं अपुरी पडली. ही कारणं खरी असतील, तर १९६२ नंतर शेती सावरायला हवी होती. हवामान सुधारलं होतं, धोरणं बदलली होती, कामाचा आणि वाटणीचा हिशेब ठेवणारे गट पुन्हा वीस-तीस कुटुंबांचे झाले होते. मग उत्पादकता पुढची जवळपास वीस वर्षं वर का आली नाही?

इथे उत्पादन आणि उत्पादकता वेगळी धरायला हवी. धान्याचे एकूण टन १९६२ नंतर वाढले, कारण खत वाढलं, पाणी वाढलं, राबणारे हात वाढले. पण जितकी जमीन, जितकं खत, जितके हात घातले त्या मानानं किती पिकलं, हे पाहिलं तर १९५८ पूर्वीची पातळी १९८० चं दशक उजाडेपर्यंत परत आलीच नाही. हे कोडं लिन यांनी ज्या तऱ्हेनं सोडवलं, त्यामुळेच चीनच्या अर्थव्यवस्थेवर लिहिणाऱ्या शेकडो विद्वानांत त्यांचं काम मला वेगळं वाटतं. पुढे त्यांनी जगाला लागू पडेल असा मोठा सिद्धांतही मांडला आणि तोच जास्त गाजला. माझ्या मते मात्र त्यांचं टिकाऊ काम शेतातलं आहे.

माणूस कोण, हे थोडक्यात. लिन यांचा जन्म १९५२ चा, तैवानमधल्या यिलानचा. तैवानच्या लष्करात ते कॅप्टन होते आणि चीनच्या किनाऱ्यासमोरच्या किनमेन बेटावर तैनात होते. मे १९७९ मध्ये एका रात्री ते तिथून समुद्रात उतरले आणि पोहत चीनच्या हद्दीत गेले. अंतर दोनेक किलोमीटरचं. पण मागे गरोदर पत्नी आणि लहान मुलगा राहिले होते. तैवानच्या लष्कराच्या लेखी ते आजही फरारी आहेत. २००२ मध्ये वडील वारले तेव्हा त्यांना अंत्यविधीला जाता आलं नाही, पत्नी गेली. चीनमध्ये त्यांनी पेकिंग विद्यापीठात मार्क्सवादी अर्थशास्त्र शिकलं. १९८० मध्ये थिओडोर शुल्ट्झ तिथे व्याख्यान द्यायला आले. शेतकरी गरीब असला तरी अडाणी नसतो, हाताशी असलेल्या साधनांतून तो चोख हिशेबानं पिकवतो, असं मांडणारे हे शिकागोचे अर्थतज्ज्ञ. आदल्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं होतं. त्यांचा दुभाषा म्हणून लिन यांना नेमलं गेलं, आणि त्या ओळखीतून ते शिकागोला पोचले. १९८६ मध्ये डॉक्टरेट, १९८७ मध्ये चीनला परत. परदेशात शिकलेले बहुतेक जण तेव्हा तिकडेच राहत असत.

सावड आणि कम्यून

आता त्या कोड्याकडे येऊ. आपल्याकडे गावात सावड असते. आज माझ्या शेतात तुम्ही चौघं येता, उद्या तुमच्या शेतात मी जातो. माझ्या शेतात कुणी अंगचोरी केली तर पुढच्या वेळी मी त्याच्याकडे जात नाही, आणि हे दोघांनाही ठाऊक असतं. म्हणून मुकादम नसतानाही काम होतं. चीनमध्ये १९४९ नंतर सामुदायिक शेतीची सुरुवात नेमकी अशाच गटांनी झाली. शेजारची चार-पाच कुटुंबं बैल, अवजारं आणि हात एकमेकांना देत. जमीन ज्याची त्याची. मग वीस-तीस कुटुंबांच्या सहकारी संस्था आल्या. तिथे जमीन एकत्र कसली जाई, पण जमिनीच्या हिश्श्याचा मोबदला मिळे. पुढे दीडशे-दोनशे कुटुंबांच्या मोठ्या संस्था झाल्या, जमिनीचा मोबदला बंद झाला आणि फक्त कामाच्या गुणांवर वाटणी होऊ लागली. १९५२ ते १९५८ या काळात धान्याचं उत्पादन वाढतच होतं.

शेतीतल्या कामावर लक्ष ठेवणं फार अवघड असतं. कारखान्यात एका छपराखाली माणसं असतात आणि तासातासाला माल मोजता येतो. शेतात माणसं मैलभर पसरलेली असतात. पेरणीला खोलवर नांगरलं की वरवर, हे चार-सहा महिन्यांनी पिकात दिसतं, आणि तेव्हाही दोष नांगराचा की पावसाचा हे सांगता येत नाही. कम्यूनच्या, म्हणजे १९५८ नंतरच्या अवाढव्य सामुदायिक शेतगटांच्या, काळात धडधाकट पुरुषाला दिवसाला साधारण दहा गुण मिळत, बाईला बहुधा कमी. त्यानं किती जीव लावला याची नोंद गुणांत होत नसे. हजर होता एवढंच दिसे. नीट देखरेख ठेवायची तर इतकी माणसं लागतील की परवडणार नाही. म्हणून देखरेख नावापुरती राहते, आणि मग कष्टाळूला आणि कामचुकाराला मिळणारं धान्य जवळपास सारखंच होतं.

मग १९५८ पूर्वी ह्याच संस्था बऱ्या कशा चालल्या? लिन म्हणतात, कारण बाहेर पडता येत होतं. संस्थांच्या नियमावलीत सभासदाला आपला हिस्सा घेऊन बाहेर पडण्याची मुभा होती. ग्वांगदोंगसारख्या प्रांतात १९५६-५७ च्या हिवाळ्यात हजारो कुटुंबं खरोखरच बाहेर पडली. ही मुभा सगळे वापरत नसले तरी तिचा धाक सगळ्यांना असतो. मी अंग चोरलं तर राबणारी कुटुंबं निघून जातील, संस्था मोडेल, मग एकत्र कामाचा फायदा माझाही बुडेल, हा हिशेब प्रत्येकाच्या मनात चालू असतो. लक्ष ठेवायला मुकादम नसला तरी हा धाक पुरतो.

१९५८ मध्ये ते दार बंद झालं. शरद ऋतूतल्या तीनेक महिन्यांत साडेसात लाखांवर सहकारी संस्था विलीन करून सुमारे २४ हजार कम्यून बनवले गेले. एकेका कम्यूनमध्ये सरासरी पाच हजार कुटुंबं. ग्रामीण चीनमधली जवळपास ९९ टक्के कुटुंबं त्यात सामील झाली. घरच्या चुली बंद करून सामुदायिक भोजनगृहं उघडली. शामिल व्हायचं की नाही, हा प्रश्नच उरला नाही. आणि ज्या क्षणी कष्टाळू कुटुंबाला निघून जाता येईना, त्या क्षणी अंगचोराला कशाचंच भय उरलं नाही. काही दिवसांत कष्टाळूही शहाणा झाला. लिन यांच्या मते हवामान आणि कारभार सुधारूनही उत्पादकता वर आली नाही, कारण नंतर गट लहान केले तरी बाहेर पडण्याचा हक्क परत दिला नव्हता.

मराठी वाचकाला इथे थोडं थांबायला कारण आहे. १९५६ मध्ये आर. के. पाटील यांच्या नेतृत्वाखाली एक भारतीय शिष्टमंडळ चीनमधली सहकारी शेती पाहायला गेलं होतं आणि त्यानं अनुकूल अहवाल दिला. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. त्यावरून देशभर वादळ उठलं. चरणसिंह पक्षात राहून विरोधात उभे राहिले, राजाजी आणि रंगा यांनी त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष काढला. नेहरूंनी सहभाग ऐच्छिक राहील हे पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि ऐच्छिक असल्यामुळेच ती योजना गावात फारशी उतरली नाही. त्याच महिन्यांत तिकडे चीनमध्ये काय चाललं होतं, हे नागपूरच्या मंडपात कुणालाच माहीत नव्हतं. एका देशानं दार उघडं ठेवलं, दुसऱ्यानं बंद केलं. ही तुलना माझी आहे, लिन यांची नव्हे. पण त्यांचा निबंध वाचताना ती डोक्यातून जात नाही.

या निबंधावर टीकाही जोरदार झाली. १९९३ मध्ये एका अर्थशास्त्रीय नियतकालिकात त्यावर खास चर्चा छापली गेली. टीकाकारांचा मुख्य मुद्दा असा की १९५६-५७ मध्येही बाहेर पडण्याचा हक्क कागदावर जास्त आणि गावात कमी होता. पक्षाच्या कार्यकर्त्यांचा दबाव तेव्हाही होताच. हा आक्षेप मला वजनदार वाटतो. २००५ मध्ये वेई ली आणि डेनिस यांग यांनी वेगळी मोजदाद मांडली. धान्यातल्या घसरणीचा सुमारे एक तृतीयांश भाग माणसं आणि साधनं शेतीतून काढून पोलाद-कारखान्यांकडे वळवल्यामुळे, आणि एक चतुर्थांशाहून जास्त भाग सरकारनं जास्त धान्य उचलून नेल्यामुळे. उपाशी माणूस शेतात राबू शकत नाही, म्हणून एका वर्षीची जबर वसुली पुढच्या वर्षीचं पीकही खाते. यांग यांच्याबरोबर स्वतः लिन यांनीही २००० साली दाखवलं की गावात भूक असताना शहरांचं रेशन आधी भागवलं जात होतं. अमर्त्य सेन यांची मांडणी त्यांनी तिथे वापरली आहे: देशात धान्य किती आहे यापेक्षा त्यावर कुणाचा हक्क चालतो, हे दुष्काळात आधी पाहावं लागतं. थोडक्यात, दुष्काळाचं एकमेव कारण म्हणून लिन यांचं उत्तर टिकत नाही. पण नंतरच्या वीस वर्षांची मरगळ समजून घ्यायला त्याहून चांगलं उत्तर माझ्या वाचनात नाही.

अठरा अंगठे आणि अठ्ठावीस प्रांत

१९७८ च्या अखेरीस आनह्वे प्रांतातल्या फेंगयांग तालुक्यातल्या शाओगांग गावात अठरा शेतकऱ्यांनी एका कागदावर गुपचूप अंगठे उठवले. जमीन कुटुंबावार वाटून घ्यायची, सरकारचा वाटा द्यायचा, उरेल ते घरात. पकडले गेलो तर एकमेकांच्या मुलांना सांभाळायचं, असंही ठरलं. ही गोष्ट चीनमध्ये शाळकरी मुलांनाही माहीत असते. कमी माहीत असतं ते हे की त्याच डिसेंबरात बीजिंगला झालेल्या प्रसिद्ध पक्ष-बैठकीत, जिथून सुधारणा सुरू झाल्या असं सगळे सांगतात, कुटुंबाला जमीन नेमून देण्यावर बंदीच होती. आनह्वेचे पक्षप्रमुख वान ली यांनी डोळेझाक केली, मग पाठराखण केली. पुढे दुर्गम, गरीब भागांना सवलत मिळाली आणि मग सगळ्यांना.

या पद्धतीत जमिनीची मालकी गावाकडेच राहते. कुटुंबाला ती कराराने मिळते. आधी एक-दोन-तीन वर्षांसाठी, १९८४ पासून पंधरा वर्षांसाठी, नंतर तीस. ठरलेला कोटा सरकारला, गावाचा वाटा गावाला, बाकी सगळं आपलं. १९७९ मध्ये शंभरातला एखादा गट या पद्धतीवर होता. १९८० मध्ये १४ टक्के, १९८१ मध्ये ४५, १९८२ मध्ये ८०, १९८३ मध्ये ९८. मालकी न बदलता इतक्या वेगानं झालेला असा बदल शेतीच्या इतिहासात मला दुसरा माहीत नाही. धान्य १९७८ मधल्या ३०.५ कोटी टनांवरून १९८४ मध्ये ४०.७ कोटी टनांवर गेलं.

पण वाढ झाली म्हणजे ती या पद्धतीमुळेच झाली, असं कसं म्हणायचं? १९७९ मध्ये सरकारनं कोट्यातल्या धान्याचा भाव २० टक्क्यांनी वाढवला होता आणि कोट्यावरच्या धान्याला त्याहून ५० टक्के जास्त भाव दिला होता. खताचा वापर भराभर वाढत होता. युआन लाँगपिंग यांचा संकरित भात १९७६ पासून शेतात आला होता. म्हणजे एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या. लिन यांचा १९९२ चा निबंध या गुंत्याशी भिडतो, आणि त्याची युक्ती समजली की असल्या अभ्यासांचं तंत्रच समजतं.

भाव देशभर एकाच वेळी वाढले. नवी पद्धत मात्र प्रत्येक प्रांतात वेगवेगळ्या वर्षी पसरली. आनह्वे पुढे, दुसरे कुणी मागे. म्हणजे १९८१ मध्ये दोन प्रांतांना भाव सारखा मिळत होता, पण एकात निम्मी शेती कुटुंबांकडे गेली होती आणि दुसऱ्यात अजून कम्यून होता. त्यांच्या उत्पादनातला फरक, खत-पाणी-मजुरांचा हिशेब वजा करून, पाहिला की पद्धतीचा वाटा बाजूला काढता येतो. लिन यांनी २८ प्रांतांची १९७० ते १९८७ पर्यंतची आकडेवारी अशी चाळली. निष्कर्ष असा: १९७८ ते १९८४ या काळात पिकांचं उत्पादन ४२ टक्क्यांच्या आसपास वाढलं आणि त्यातली जवळपास निम्मी वाढ केवळ शेती कुटुंबांकडे गेल्यामुळे झाली. खताचा वाटा साधारण एक तृतीयांश, भाववाढीचा त्याहून बराच कमी. जमीन तीच, माणसं तीच, पाऊस तोच. फक्त जास्तीचं पोतं कुणाच्या घरी जाणार हे बदललं.

हा निबंध प्रामाणिक का वाटतो, तर त्यात पुढची निराशाही आहे. १९८५ मध्ये धान्य एकदम घसरून ३८ कोटी टनांच्या खाली आलं आणि मग काही वर्षं अडखळतच राहिलं. लिन यांचं म्हणणं, पद्धत बदलल्याचा फायदा एकदाच मिळतो. कामचुकारपणा संपला की तो पुन्हा संपवता येत नाही. त्यानंतर वाढ हवी तर नवं बियाणं, नवं तंत्र, नवा पैसा लागतो. सुधारणा केली की वर्षानुवर्षं वाढ होत राहील, असं समजणाऱ्या प्रत्येकानं हा भाग वाचावा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. चीननं १९७३-७४ मध्ये खताचे तेरा मोठे कारखाने परदेशातून मागवले होते आणि ते सत्तरच्या दशकाच्या शेवटी चालू झाले. धरणं आणि कालवे कम्यूनच्या काळात, लोकांना राबवून, खोदले गेले. डाव्या अभ्यासकांचं म्हणणं, कुटुंबांच्या हाती शेती गेली तेव्हा सामुदायिक काळात पेरलेलं उगवत होतं. लिन यांच्या आकडेमोडीत खताचा वाटा वेगळा काढलेला आहे, म्हणून हा आक्षेप त्यांना पूर्ण लागू होत नाही. पण ते खत आलं कुठून, हा प्रश्न त्या कोष्टकांत मावत नाही, हेही खरं.

मोठा सिद्धांत

१९९४ मध्ये लिन आणि सहकाऱ्यांनी पेकिंग विद्यापीठात आर्थिक संशोधन केंद्र काढलं. त्याच वर्षी त्साय फांग आणि ली झोउ यांच्याबरोबर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी चीनच्या सगळ्या वाटचालीची एक मांडणी केली. ती अशी.

१९५० च्या दशकात चीनकडे माणसं अमाप आणि भांडवल तुटपुंजं होतं. तरी नेत्यांना पोलाद, यंत्रं आणि मोटारी हव्या होत्या. सोव्हिएत मदतीचे १५६ मोठे प्रकल्प हाती घेतले गेले. ज्या देशात पैसा दुर्मिळ, तिथे पैसा खाणारे उद्योग खुल्या बाजारात तगत नाहीत. त्यांना तगवायचं तर व्याज कृत्रिमरीत्या कमी ठेवावं लागतं, डॉलर स्वस्त दाखवावा लागतो, मजुरी दाबावी लागते. मजुरी दाबायची तर शहरात धान्य स्वस्त हवं, म्हणजे शेतकऱ्याकडून ते पडत्या भावात घ्यायला हवं. सगळंच स्वस्त केलं की तुटवडा होतो, म्हणून कुणाला किती मिळेल हे वरून ठरवावं लागतं. आणि शेतकऱ्यानं पडत्या भावात विकावं म्हणून त्याला कम्यूनमध्ये अडकवावं लागतं. म्हणजे लिन यांच्या लेखी कम्यून ही साम्यवादी स्वप्नाची चूक कमी आणि पोलादाच्या हट्टाची गरज जास्त होती. या साखळीतली एकेक कडी दुसरीला कशी खेचते, हे त्यांनी फार सुरेख दाखवलं आहे. भारताच्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा अवजड उद्योगांवरचा भरही ते याच रांगेत बसवतात, फक्त आपल्याकडे शेतकऱ्याला कुणी डांबलं नाही.

१९७८ नंतर काय बदललं? जुने सरकारी कारखाने एकदम मोडले नाहीत, पण त्यांच्या शेजारी नवं काही उगवू दिलं. गावोगावी छोटे उद्योग, शेन्झेनसारखी विशेष क्षेत्रं, खेळणी, कपडे, बूट; म्हणजे माणसं जास्त आणि पैसा कमी लागणारी कामं. गावातल्या उद्योगांत १९७८ मध्ये २.८ कोटी माणसं होती, १९९६ मध्ये १३.५ कोटी. किमतींचेही दोन रुळ होते. योजनेतलं पोलाद ठरल्या भावानं, त्यावरचं बाजारभावानं. एकदम सगळं खुलं केलेल्या रशियाचं उत्पन्न नव्वदच्या दशकात ४० टक्क्यांच्या आसपास घसरलं, चीनचं वाढत राहिलं. पण दोन भाव असले की स्वस्तातलं उचलून महागात विकणारे अधिकारी निपजतातच. १९८८ ची महागाई आणि हा भ्रष्टाचार १९८९ च्या असंतोषामागे होता. लिन यांच्या लिखाणात, यासाठी देशानं जी किंमत मोजली तिच्यावरचा भर कमी पडतो, असं मला वाटतं.

२००८ ते २०१२ या काळात ते जागतिक बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ होते. त्या पदावर विकसनशील देशातून आलेले पहिलेच. तिथे त्यांनी आपल्या मांडणीला नवीन संरचनात्मक अर्थशास्त्र असं नाव दिलं. तिचं सार: आज तुमच्याकडे जे आहे त्यात जे उद्योग स्वबळावर टिकतील ते आधी उभे करा, त्यातून भांडवल साठेल, मग पुढच्या पायरीवर जा. आणि रस्ते, बंदरं, वीज, जमीन हे सरकारनं द्यावं, कारण एकटा उद्योजक ते करू शकत नाही. गरीब देशांसाठी त्यांनी सोपी कृतीही दिली. तुमच्यासारखीच साधनं असलेला, दरडोई उत्पन्न तुमच्या दुपटीच्या आसपास असलेला आणि वेगानं वाढलेला देश शोधा. तिथले जे उद्योग आता मजुरी वाढल्यामुळे जड जात असतील ते तुमच्याकडे आणा. इथिओपियात आदिस अबाबाजवळ २०१२ मध्ये सुरू झालेला ह्वाजियान या चिनी कंपनीचा बुटांचा कारखाना हे त्यांचं आवडतं उदाहरण.

विरोधक तीन दिशांनी आले. केंब्रिजचे हा-जून चांग यांनी २००९ च्या लेखी वादात म्हटलं, जवळ आहे त्यावरच थांबलं असतं तर कोरियानं १९६८ मध्ये पोलादाचा कारखाना काढलाच नसता आणि नोकियानं सतरा वर्षं तोटा सोसून इलेक्ट्रॉनिक्स विभाग पोसला नसता. मोठी झेप घेतल्याशिवाय नवं कौशल्य येत नाही. दुसरीकडून यांग शाओकाई. तरुणपणी एका राजकीय लेखासाठी दहा वर्षं तुरुंगात काढलेला हा अर्थतज्ज्ञ म्हणे, मागून येणाऱ्या देशाला तंत्रज्ञानाची नक्कल सहज जमते, आणि म्हणूनच कायदा, न्यायालयं, राज्यघटना सुधारायचं तो टाळत राहतो. नंतर ते भोवतं. यांग २००४ मध्ये वारले, पण हा वाद चीनमध्ये अजून जिवंत आहे. तिसरे, पेकिंग विद्यापीठातलेच सहकारी झांग वेइयिंग. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोघांची जाहीर चर्चा झाली. झांग यांचं म्हणणं, उद्या कुठला उद्योग चालेल हे सरकारी अधिकाऱ्याला कळणं शक्य नाही. ते कळतं असं म्हणणं म्हणजे जुनं नियोजनच नव्या कपड्यांत आणणं.

माझी अडचण चौथी आहे. देशाच्या साधनांशी जुळणारा उद्योग कोणता, हे लिन बहुतेक वेळा तो यशस्वी झाल्यावर सांगतात. चालला, तर जुळत होता. बुडाला, तर झेप फार मोठी होती. शेतीवरच्या निबंधात त्यांनी स्वतःला खोटं ठरवण्याची संधी आकड्यांना दिली होती. मोठ्या सिद्धांतात ती संधी अरुंद झाली.

एका ठिकाणी मात्र त्यांनी नेमका आकडा दिला. २०११-१२ च्या सुमारास ते सांगत होते की चीनमध्ये आणखी वीस वर्षं वर्षाला ८ टक्के वाढीची क्षमता आहे. हिशेब असा: २००८ मध्ये चीनचं दरडोई उत्पन्न, खरेदीशक्तीच्या मापानं, अमेरिकेच्या २१ टक्के होतं. जपान त्या पातळीवर १९५१ मध्ये होता, तैवान १९७५ मध्ये, कोरिया १९७७ मध्ये. पुढची वीस वर्षं ते अनुक्रमे सुमारे ९.२, ८.३ आणि ७.६ टक्क्यांनी वाढले. मग चीन का नाही? प्रत्यक्षात चीनची वाढ २०१२ मध्येच ८ टक्क्यांच्या खाली गेली, २०१५ मध्ये ७ झाली, २०१९ मध्ये ६. साथीनंतरची २०२१ ची उसळी सोडली तर ८ पुन्हा दिसले नाहीत. लिन क्षमता आणि प्रत्यक्ष वाढ यांत फरक करतात आणि दोष बराचसा जगातल्या मंदीला देतात.

मला त्या तुलनेतच एक भोक दिसतं. जपान, तैवान आणि कोरिया त्या पायरीवर असताना त्यांची बहुतेक मुलं माध्यमिक शाळा पूर्ण करू लागली होती. स्टॅनफर्डचे स्कॉट रोझेल यांनी चीनच्या खेड्यांत अनेक वर्षं काम करून दाखवलं आहे की २०१० च्या जनगणनेत चीनमधल्या काम करणाऱ्या लोकसंख्येपैकी एक तृतीयांशाहूनही कमी लोक बारावीच्या पातळीपर्यंत शिकलेले होते. पश्चिमेकडच्या खेड्यांतल्या शाळांत त्यांना रक्तक्षय, पोटातले जंत आणि चष्म्याविना फळा न दिसणारी मुलं मोठ्या संख्येनं आढळली. सरकारदरबारी कुटुंबाची नोंद गावची असल्यामुळे या मुलांना, आई-बाप शहरात राबत असले तरी, शहरातल्या सरकारी उच्च माध्यमिक शाळेत सहसा जागा मिळत नाही. बूट शिवायला हे शिक्षण पुरलं. बूट इथिओपियाला गेल्यावर त्याच कामगाराला पुढचं काम शिकायचं असतं, आणि लिन यांच्या साधनांच्या यादीत माणसं जेव्हा केवळ संख्येनं मोजली जातात तेव्हा नेमकी हीच गोष्ट दिसेनाशी होते.